फ्लॅश न लावता, काम न थांबवता: मिरजेच्या तंबोऱ्याच्या कारखान्यातल्या फोटोंच्या नोंदी

काम असे: मिरजेत सतारमेकर गल्लीच्या परिसरातल्या एका कारखान्यात तंबोरा घडताना टप्प्याटप्प्याने फोटो काढायचे आणि १२ बाय १८ इंचांवर छापून त्याच कारखान्याच्या भिंतीवर लावायचे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून बाहेरगावचे गिऱ्हाईक काम कसे चालते ते विचारते, त्यांच्यासाठी ही मालिका.

अटी दोन. फ्लॅश नाही आणि कारागिराला थांबवायचे नाही. जवारी लावणारा, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद जुळवणारा कारागीर कान आणि डोळे त्या घोडीवर ठेवून बसलेला असतो, तिथे फ्लॅश उडवणे म्हणजे त्याच्या कामाचा अपमान. शिवाय लाखेच्या पॉलिशवर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो, आणि छत काळवंडलेल्या पत्र्याचे असल्यामुळे फ्लॅश वर मारून उजेड खाली आणायची सोयही नाही.

सामान: २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) डीएसएलआर, म्हणजे आरशाचा कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ एमएम झूम लेन्स, ट्रायपॉड. बाकीचे पुढे लागेल तसे.

२८ जून. उजेडाची मोजणी

फोटो न काढता फक्त मीटर वाचले. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे येतात) १६०० आणि शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) १/१२५ सेकंद ठेवून कुठे किती अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा आकडा लहान तितके छिद्र मोठे) लागते ते पाहिले.

ट्यूबखालची कामाची जागा: एफ २. दाराचा उंबरा, पावसाळी ढगाळ दुपार: त्याच्या आठपट उजेड, म्हणजे तीन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). माळ्याखालचा कोपरा, जिथे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे रचलेले आहेत: ट्यूबखालच्या चौथाई उजेड, दोन स्टॉप कमी.

१८-५५ लेन्स ५५ वर एफ ५.६ पेक्षा उघडत नाही. एफ २ आणि एफ ५.६ मध्ये तीन स्टॉपचा फरक. म्हणजे जिथे १६०० ने भागते तिथे या लेन्सला १२,८०० लागणार. तेवढ्या आयएसओला लाकडाच्या रेषा आणि दाणे यांतला फरक कळेनासा होतो. सांगलीत ५० एमएम एफ १.८ लेन्स सेकंडहँड मिळाली, ६,५०० रुपये. या सगळ्या कामातला मोठा खर्च हाच, आणि कॅमेरा बदलण्यापेक्षा हाच आधी करावा.

घेताना लेन्सच्या मागून मोबाइलची बॅटरी मारून आत बुरशी आहे का पाहावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला जाळीसारखी बुरशी हमखास असते. तिने फोटोतला काळेपणा धुरकट होतो.

१ जुलै. पहिली फेरी आणि तीन ढीग

पहिल्या फेरीतले बहुतेक फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट. संगणकावर शंभर टक्के मोठे करून तीन ढीग केले. ही वर्गवारी केल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण तिन्हींची औषधे वेगळी आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिला ढीग: फोटोतले सगळेच एका दिशेला ओढलेले, चमकणारे टिंबसुद्धा रेघ झालेले. हा कॅमेरा हलल्याचा दोष. शटर जलद करणे किंवा टेकू देणे हा उपाय.

दुसरा: भिंत, पाट, भोपळा स्वच्छ, फक्त हात फराटलेला. इथे वस्तू हलली आहे. ट्रायपॉड लावून किंवा लेन्समधला स्टॅबिलायझर चालू करून काहीही साधत नाही. तो कॅमेऱ्याचा कंप सांभाळतो, कारागिराचा हात नाही.

तिसरा: हात मऊ, पण मागच्या भिंतीवरचा खिळा अगदी धारदार. फोकस चुकला.

आमच्याकडे तिसरा ढीग मोठा निघाला. पहिला असेल असे वाटले होते, म्हणून शटरवरच डोके चालवणे सुरू होते. चौथा प्रकार थोडा उशिरा लक्षात आला: काहीच हललेले नाही, फोकसही बरोबर, तरी लाकूड मेणासारखे दिसते. ती कॅमेऱ्याच्या जेपीईजीची करामत. 'हाय आयएसओ नॉइज रिडक्शन' जोरात असले की दाण्यांबरोबर लाकडाच्या रेषाही पुसल्या जातात. सेटिंग 'लो' केले आणि त्या दिवसापासून सगळे रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने सफाई न केलेल्या मूळ फाइलमध्ये.

३ जुलै. ट्यूबचे पट्टे

रंध्याचे काम. शटर १/२५० वर नेले तर एक फोटो उजळ, पुढचा अंधारा, तिसऱ्यात आडवे पिवळट-करडे पट्टे. कॅमेरा बिघडला असे वाटून बॅटरी, कार्ड, लेन्सच्या पिना पुसणे यात सकाळ गेली. दोष ट्यूबचा.

आपली वीज ५० हर्ट्झची आहे. स्वस्त एलईडी ट्यूब त्यामुळे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. डोळ्याला ते दिसत नाही. शटर १/१०० असेल तर प्रत्येक फोटोला एक पूर्ण लहर मिळते आणि उजेड सारखा येतो, १/५० ला दोन लहरी. १/२५० ला मात्र लहरीचा तुकडाच मिळतो, आणि तो कुठला तुकडा हे नशिबावर. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर ज्या कॅमेऱ्यांत आहे तिथे हे पट्टे फारच वाईट येतात. अशा जागी मेकॅनिकल शटरच वापरावे.

खात्री करायची सोपी रीत: मोबाइलचा कॅमेरा ट्यूबच्या अगदी जवळ न्यावा, पडद्यावर पट्टे सरकताना दिसले की समजावे.

आजपुरता तोडगा: ट्यूबखाली १/१००, एफ २.८, आयएसओ २५००. भोपळा घासणे, दांडीला खुंट्यांची भोके तपासणे अशा सावकाश कामांना चालले. रंध्याला नाही.

६ जुलै. दिवे बंद

१/१०० ने हात गोठत नाही, आणि त्यापेक्षा जोरात गेले तर पट्टे. या कात्रीतून सुटण्यासाठी ट्यूबच बंद केली आणि पाट दाराकडे सरकवला. ट्यूबखालून उठून दारापासून हातभर आत बसले तर ढगाळ दुपारीही दोन स्टॉप जास्त उजेड मिळाला: एफ २.८, १/२५०, आयएसओ १६००. शटर मोकळे झाले, आणि एका बाजूने दिवसाचा निळसर, वरून ट्यूबचा हिरवट असा दुरंगी उजेडही गेला.

कारागिराला विचारूनच हे करावे. काम त्याचे आहे. "चाचा, दारात बसलात तर दिसायला अडचण नाही ना?" असे विचारले, तर ते म्हणाले की त्यांचे वडील दारातच बसायचे, ट्यूब नंतर आली. खरे तर कारागिराच्या डोळ्यालाही बाजूचा उजेड बरा पडतो. रंध्याची लहानशी चढ-उतार आडव्या उजेडात उठून दिसते, आणि फोटोतही तीच दिसते.

नवी अडचण: समोरच्या ओट्यावर पावसासाठी निळी ताडपत्री बांधलेली. दारातून येणारा सगळा उजेड तिच्यावरून परतून येत होता. तुनाचे (तंबोऱ्यासाठी वापरतात त्या झाडाचे) तांबूस लाकूड फोटोत जांभळट. व्हाइट बॅलन्सने (उजेडाच्या रंगाची कॅमेऱ्यातली दुरुस्ती) भिंत पांढरी झाली, लाकूड काही सुधारले नाही, कारण दाराकडची बाजू निळी आणि आतली पिवळी. शेजाऱ्यांनी ताडपत्री तासभर गुंडाळू दिली. दाराच्या उलट बाजूला पांढरे जुने धोतर दोरीवर टाकले, त्याने सावलीची बाजू जवळजवळ एक स्टॉप उचलली. खर्च शून्य. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला रंग नंतर जुळवण्यासाठी करड्या कार्डाचा एक फोटो घ्यायचा हेही आजपासून.

९ जुलै. फोकस

तिसऱ्या ढिगाची चौकशी. यावर सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला.

एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० एमएम, एफ १.८, एक मीटर अंतर: धारदार दिसणारा पट्टा सुमारे ३ सेंटिमीटरचा. एफ २.८ ला साडेचार. कारागीर श्वास घेताना पुढेमागे होतो तेवढ्यातच तो संपतो. म्हणून एफ १.८ सोडून दिले. उजेड कमी आहे म्हणून लेन्स पूर्ण उघडायची, ही सवय जवळच्या कामात महाग पडते. एफ २.८ करून आयएसओ वाढवलेला परवडतो.

मधल्या बिंदूने फोकस धरून कॅमेरा वळवायचा आणि मग चौकट ठरवायची, ही रीतही इथे नडते. एक मीटरवर १५ अंश वळवले तर फोकसची पातळी वस्तूच्या मागे जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर जाते. एफ २.८ च्या साडेचार सेंटिमीटरांपैकी मागे-पुढे जेमतेम निम्मे-निम्मे मिळतात, म्हणजे वस्तू बाहेर पडली. 'खिळा धारदार, हात मऊ' हे बरेचसे यातूनच आले होते.

कडेचे फोकस बिंदू वापरावेत तर ते अंधारात चाचपडतात, लेन्स पुढेमागे फिरत राहते. या कॅमेऱ्यात मधला बिंदूच आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडतो. मग ठरवले असे: मधला एकच बिंदू, कॅमेरा वळवायचा नाही, चौकट सैल ठेवायची आणि नंतर कापायची. १८ इंचांच्या छपाईला ४३२० पिक्सेल ठेवले तरी इंचाला २४० पडतात. मूळ फोटो ६००० पिक्सेलचा आहे, तेव्हा कापायला भरपूर जागा आहे.

बिंदू कुठे ठेवायचा हेही महत्त्वाचे. गुळगुळीत भोपळ्यावर किंवा पॉलिश केलेल्या तबलीवर (भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी) फोकसला धरायला काही नसते. पट्टीच्या नक्षीची कड, खुंटीचा गळा, नखाची कड, पटाशीची धार यांवर तो लगेच बसतो. अगदी अंधारात मोबाइलच्या बॅटरीचा झोत क्षणभर पाडून फोकस घ्यावा, लेन्स मॅन्युअलवर टाकावी आणि झोत बंद करून फोटो काढावा.

एक तपासणी सगळ्यांनी करावी. मोजपट्टी ४५ अंशांत तिरकी टेकवून तिच्या मधल्या आकड्यावर एकदा डोळ्याच्या खिडकीतून फोकस घ्यायचा आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून. आमच्या जोडीत खिडकीतून घेतलेला फोकस सातत्याने सेंटिमीटरभर मागे पडत होता. डीएसएलआरमध्ये फोकस बघणारा सेन्सर वेगळा असतो, त्याचा आणि लेन्सचा मेळ थोडा सुटलेला असू शकतो. कॅमेऱ्यात 'एएफ फाइन ट्यून' असेल तर तिथे सुधारता येते. या कॅमेऱ्यात ते नाही, म्हणून स्थिर वस्तूंसाठी लाइव्ह व्ह्यूच. त्यात बॅटरी भराभर संपते, दुसरी बॅटरी घेतली, ९०० रुपये.

१२ जुलै. कानशीचा हात

घोडीवर कानस चालते तो फोटो या मालिकेचा गाभा. तो सारखा फसत होता, म्हणून आकडेमोड करून पाहिली.

कानशीची फेरी साधारण १० सेंटिमीटरची, सेकंदाला चार वेळा हात इकडून तिकडे. म्हणजे सरासरी वेग सेकंदाला ४० सेंटिमीटर. १/१०० सेकंदात हात ४ मिलिमीटर सरकतो. एक मीटरवरून ५० एमएमने घेतले तर सेन्सरवर हे ५० पिक्सेलांहून जास्त होते. १/४०० ला १३ पिक्सेल, १/१००० ला पाच. म्हणजे १/४०० सुद्धा पुरेसे नाही, आणि १/१००० ला दाराच्या उजेडातही आयएसओ ६४०० लागतो.

पण हात दोन्ही टोकांना वळण्यासाठी थांबतो. त्या क्षणी वेग शून्य असतो. कानशीचा आवाज ऐकत राहिले की लय सापडते. खर्र आवाज विरतो तिथे बटण दाबायचे. अंगठा आणि कानशीची मूठ १/२०० ला स्वच्छ मिळाली, आयएसओ १२५०. रंध्यालाही हेच लागू, फक्त त्याची फेरी लांब आणि टोकाचा थांबा अधिक मोठा, त्यामुळे सोपे.

एकेक फोटो न काढता तीन-चार सलग काढावेत. पहिला बऱ्याचदा बोटाच्या दाबाने हलतो, दुसरा-तिसरा चांगला येतो.

१५ जुलै. टेकू

माळ्याखालच्या अरुंद जागेत ट्रायपॉडचे पाय पसरत नाहीत. दोन गोष्टी केल्या.

एक, कापडी पिशवीत किलोभर तांदूळ, तोंड शिवून. स्टुलावर, फळीवर, गुडघ्यावर कुठेही ठेवून कॅमेरा त्यात दाबून बसवता येतो. पिशवी पूर्ण भरू नये, कॅमेरा रुतायला जागा हवी.

दोन, सुतळीचा टेकू. कॅमेऱ्याच्या तळाच्या भोकात बसणारा पाव इंची बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात १५ रुपयांना मिळतो. इंचाला २० आट्यांचाच मागावा. ६ मिलिमीटरचा बोल्ट जवळपास तसाच दिसतो, पण तो जबरदस्तीने घातला तर कॅमेऱ्याचे आटे जातात. चारच आटे आत जाऊ द्यावेत, बाकी वायसर आणि नट लावून अडवावा. बोल्टला सुतळी बांधून तिचे टोक पायाखाली धरायचे आणि कॅमेरा वर ताणायचा. वर-खालचा कंप चांगलाच कमी होतो.

५० एमएमला या सेन्सरवर हाताने १/८० ही किमान मर्यादा धरतात. सुतळीने १/४० ला निम्म्याहून जास्त फोटो टिकले, तांदळाच्या पिशवीवर १/१५ लासुद्धा. अर्थात भोपळ्यांच्या राशीसारख्या स्थिर वस्तूंचे.

१९ जुलै. जवारी

घोडी, तिच्यावरून जाणाऱ्या चार तारा आणि तार-घोडीच्या मधे सरकवलेले सूत. हे सूत केसाएवढे, आणि तंबोऱ्याचा सगळा नाद त्याच्या जागेवर ठरतो. फोटोत सूत दिसले नाही तर फोटोला अर्थ नाही.

१८-५५ लेन्स ५५ वर, शक्य तितकी जवळ, एफ ८, आयएसओ १००, ट्रायपॉडवर. ट्यूबखाली शटर दोन सेकंद. इतक्या लांब शटरला ट्यूबच्या लहरींचा त्रास होत नाही, शेकडो लहरींची सरासरी येते.

पहिले फोटो ट्रायपॉडवर असूनही मऊ. कारणे एकेक करून काढली. स्टॅबिलायझर चालू राहिला होता. जुन्या लेन्समधला स्टॅबिलायझर ट्रायपॉडवर स्वतःच चित्र सरकवतो, म्हणून बंद केला. बटण बोटाने दाबले जात होते, तिथे दोन सेकंदांचा टायमर लावला. आरसा उडतो तो धक्का लाइव्ह व्ह्यूमध्ये टळतो, कारण आरसा आधीच वर असतो.

तरीही दर दोन-तीन फोटोंतला एक हलायचा. ट्रायपॉड लाकडी फळ्यांवर उभा होता आणि त्याच फळ्यांच्या दुसऱ्या टोकाला रंधा चालू होता. ट्रायपॉड उचलून शहाबादी फरशीवर आणला, मधला दांडा पूर्ण खाली केला आणि बॅग हुकाला अशी अडकवली की तिचा तळ जमिनीला टेकेल. बॅग लोंबकळती ठेवली तर तीच झोके खाऊन ट्रायपॉड हलवते. बाकीचे फोटो चहाच्या सुट्टीत काढले.

सूत तरी दिसेना. धारदार होते, पण पांढरे सूत आणि उजळ हाडाची घोडी एकच वाटत होती. समोरचा उजेड काळ्या पुठ्ठ्याने अडवून फक्त एका बाजूने दाराचा उजेड ठेवला, तेव्हा सुताची सावली घोडीवर पडली आणि सूत वेगळे झाले. शटर आठ सेकंदांवर गेले, चालेल. कमी उजेडात आणखी कमी करणे विचित्र वाटते, पण दिशा नसलेला भरपूर उजेड असल्यापेक्षा दिशा असलेला थोडा उजेड वस्तू जास्त ठसठशीत दाखवतो.

एफ १६ करून पाहिले. धारदार पट्टा वाढला पण सगळेच किंचित मऊ झाले, लहान छिद्रातून उजेड पसरतो म्हणून. एफ ८ वर परत.

छेडलेली तार दोन सेकंदांत रुंद पडद्यासारखी येते. तो फोटो वेगळा ठेवला आहे, तिथे ते हवेच आहे.

२४ जुलै. पॉलिश रखडले

हवा दमट. अशा हवेत लाखेच्या पॉलिशवर पांढरट झाक येते म्हणून कारागिरांनी हात लावला नाही. आठवडा वाया.

दरम्यान दोन नोंदी. लेन्स कारखान्यात बदलू नये. भुशाची पूड हवेत तरंगत असते, ती सेन्सरवर बसली की एफ ८ च्या प्रत्येक फोटोत ठिपके. लेन्स बाहेर, गाडीत बदलावी. दुसरे, वातानुकूलित गाडीतून थेट आत आणलेल्या लेन्सवर वाफ धरते. बॅग बंद ठेवून वीस-पंचवीस मिनिटे थांबावे, पुसत बसू नये.

३१ जुलै. पॉलिश

उघडीप. लाखेचा गडद तांबूस रंग चढलेला भोपळा दाराचा उजेड पांढऱ्या पट्ट्यासारखा परत फेकतो. पोलरायझरने (चमक कापणारी काच) तो पट्टा कमी होतो, पण दीड-दोन स्टॉप उजेडही जातो, आणि पट्टा गेल्यावर भोपळ्याची गोलाईही जाते. पोलरायझर काढला. पट्टा ठेवला, फक्त तो फटफटीत पांढरा होऊ नये इतके एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉपने उतरवले. स्वस्त यूव्ही फिल्टरही काढून ठेवला. दारासमोर त्याची दुसरी प्रतिमा फोटोत तरंगत होती.

हाताचा बोळा गोल फिरतो, त्याला टोकाचा थांबा नाही. १/५००, एफ २.८, आयएसओ १६००, उंबऱ्याजवळ.

६ ऑगस्ट. संगणकावरचे काम

डार्कटेबल या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ उघडले. कॅमेऱ्याच्या आयएसओप्रमाणे दाणे ओळखणारा प्रोफाइल्ड डिनॉइज आधी, तोही रंगाच्या दाण्यांवर पूर्ण आणि उजेडाच्या दाण्यांवर निम्माच. लाल-हिरवे ठिपके घाण दिसतात, करडे दाणे नाहीत. शार्पनिंग फक्त कडांवर. सपाट जागेवर केले तर दाणेच धारदार होतात.

१२५० वर कमी उजेडात घेऊन इथे दोन स्टॉप उचललेले फोटो आणि सरळ ५००० वर बरोबर घेतलेले फोटो शेजारी ठेवले. या कॅमेऱ्यावर दुसरे चांगले, सावल्यांत पट्टे नाहीत. आयएसओला घाबरून फोटो अंधारा घेण्यात फायदा नाही.

भोपळ्यांच्या राशीसाठी ट्रायपॉडवरून आयएसओ १६०० चे आठ फोटो काढून सरासरी घेतली. दाणे जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर आले. आयएसओ १०० वर लांब शटर लावता आले असते, पण तिथे सारखी ये-जा आहे. आठांतला एक हलला तर तो टाकून देता येतो.

११ ऑगस्ट. छपाई

१२ बाय १८ च्या चाचणी प्रती, प्रत्येकी ४० रुपये. पडद्यावर काळजी वाटणारे आयएसओ ६४०० चे दाणे कागदावर हातभर अंतरावरून दिसतही नाहीत. उलट पडद्यावर 'चालेल' वाटलेले किंचित हललेले दोन फोटो कागदावर लगेच खटकले. ते काढले. छापलेला फोटो पडद्यापेक्षा गडद येतो, सावल्या पाव ते अर्धा स्टॉप उचलून परत पाठवल्या.

बाकी: तारेतले मणी सरकवून सूर लावतानाचा फोटो. बोट हळू चालते, १/१२५ पुरेल, पण मणी तबलीच्या अगदी कडेला आहे आणि कारागिराची मान उजेड अडवते. पाट उलट फिरवून डावीकडून उजेड घ्यायचा. चाचांनी शुक्रवारच्या नमाजानंतरची वेळ दिली आहे, तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर असते.